सैल झाकणं

सुतार माणूस सकाळी उठून पहिलं काम काय करत असेल, असं कुणालाही विचारलं तर तो म्हणेल, पटाशीला धार लावत असेल, दुसरं काय. आपला मिस्त्री मात्र गेली अकरा वर्षं सकाळी साडेपाचला उठायचा, अनवाणी स्वयंपाकघरात जायचा आणि झाकणं सैल करायचा. चहाची बरणी, साखरेची, मिठाची, पिठाचा डबा, तेलाची बाटली, औषधाची बाटली आणि पाण्याचा थर्मास. एकूण सात. काम पाच मिनिटांचं, पण मापाचं. झाकण जास्त सैल झालं तर बरणी उचलताना नुसतं झाकणच हातात येतं आणि शंका येते. कमी झालं तर बोटं हरतात. पाव फेऱ्याला थोडं कमी, हे माप त्याला सुरुवातीच्या दोन महिन्यांच्या चुकांनंतर सापडलं होतं. काम उरकलं की तो परत येऊन पांघरुणात शिरायचा आणि झोपल्याचं सोंग घ्यायचा.

साडेसहाला बायको उठायची. मिस्त्री डोळे मिटून कान स्वयंपाकघराकडे लावायचा. एक बरणी, दुसरी बरणी, चमचा, पातेलं. मग आवाज यायचा, "मिस्त्री, उठा आता, चहा झाला." त्या आवाजात एक तोरा असायचा, आणि तो तोरा कानावर पडावा म्हणून हा बाबा अकरा वर्षं साडेपाचला उठत होता.

बायकोला सगळं जग बाई म्हणायचं, कारण ती शाळेत बाई होती. नवराही बाईच म्हणायचा. ओळखच तशी झाली होती. हा शाळेचे बाक दुरुस्त करायला गेला होता, आणि हिनं त्याला "दुसऱ्या रांगेतला तिसरा बाक अजून डुगडुगतोय" असं सुनावून पुन्हा बोलावून घेतलं होतं. तो तीनदा गेला. तिसऱ्या वेळी बाक डुगडुगत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

मग अकरा वर्षांपूर्वी बाईच्या हातातून खडू पडायला लागला. आधी तिला वाटलं, यंदा खडूच निसरडे आलेत. मग गुडघे सुजले, मग सकाळी मूठ वळेना. डॉक्टर म्हणाले, सांध्यांचा आजार आहे, औषधानं वेग कमी होईल, पण गेला असं होणार नाही. बाईनं शाळा सोडली. एका संध्याकाळी मिठाच्या बरणीचं झाकण निघेना म्हणून ती तिथंच फरशीवर बसली आणि म्हणाली, "मिस्त्री, आता माझा काही उपयोग राहिला नाही." ज्या बाईपुढं चाळीस पोरं चिडीचूप बसायची, ती एका बरणीपुढं हरली होती.  बोलणं हा मिस्त्रीचा प्रांत नव्हताच. दुसऱ्या दिवशी तो तिच्या आधी उठला, एवढंच.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. दाराची गोल मूठ जाऊन तिथं खाली दाबायचा दांडा आला. कारण काय, तर जुनी मूठ कुरकुरत होती. बाईच्या खुर्चीचे पाय दोन बोटं उंच झाले. कारण, खालून कीड लागली होती. खणांच्या पट्ट्यांना मेण, कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल, खिडकीला हलकी कडी, न्हाणीघरात "टॉवेल वाळत घालायला" म्हणून ठोकलेली जाड दांडी, जिच्यावर हत्ती लोंबकळला असता. तिचं पेनसुद्धा त्यानं जाड लाकडात बसवून दिलं, तिच्या वाढदिवसाला, भेट म्हणून. त्याचे उस्ताद म्हणायचे, सांधा दिसला की सुतार फसला. मिस्त्रीनं घरभर एकही सांधा दिसू दिला नव्हता.

बाईला वाटायचं, आजार थांबला. डॉक्टर म्हणायचे तसं वाढला नाही, माझ्या औषधपाण्यानं आणि जिद्दीनं थांबला. ती चारचौघांत हे सांगायची आणि मिस्त्री मान डोलवायचा. सरकारकडून तिला अपंगत्वाचा भत्ता मिळायचा. त्यातून दिवसा घरी एक मावशी यायची, दहा ते पाच. मावशी बाईला आंघोळीला हात द्यायची, केस विंचरायची, जड पातेली उतरवायची, आणि जाताना सगळी झाकणं अशी करकचून लावायची की मुंगीचं काय, हवेचंही धाडस होऊ नये. मावशीचा हात म्हणजे पाना. बाई याला मदत म्हणायची नाही. "मावशीला माझे केस विंचरायची हौस आहे, करू दे बिचारीला," असं म्हणायची. मावशी होती म्हणून मिस्त्री दोन गल्ल्या पलीकडच्या त्याच्या कारखान्यात निर्धास्त रंधा मारायचा. चार वर्षांपूर्वी बाई न्हाणीघरात पडली होती, तेव्हा मावशीनंच उचललं होतं. तेव्हापासून तिला एकटं ठेवायचं नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

आणि मग भत्त्याच्या कचेरीतून पत्र आलं. आपल्या पात्रतेची फेरतपासणी करायची आहे, अमुक तारखेला तपासनीस घरी येतील.

"येऊ देत की," बाई म्हणाली. "चोरी केलीय का आपण?"

तपासणीच्या दिवशी तिनं मावशीला दुपारी ये म्हणून सांगितलं. चांगली साडी नेसली. तपासनीस म्हणजे एक तरुण मुलगी होती, खांद्याला पिशवी, हातात फॉर्म. वागायला चांगली. चपला बाहेर काढून आली, बसू का असं विचारून बसली. मिस्त्री दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"खुर्चीतून स्वतः उठता येतं का?"

बाई उठून दाखवती झाली. दोन बोटं उंच खुर्ची, न उठायला काय झालं.

"दार उघडता येतं?"

बाईनं कोपरानं दांडा दाबला. दार उघडलं.

"स्वयंपाकघरातलं काय काय जमतं?"

"चहा घेणार का?" बाई म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

 बाईनं साखरेच्या बरणीचं झाकण तळहातानं फिरवलं, ते फिरलं. चहाचं फिरवलं, तेही फिरलं. ती मुलगी दारातून बघत होती आणि फॉर्मवर खुणा करत होती. प्रत्येक खुणेसरशी मिस्त्रीला वाटत होतं की आता पुढं व्हावं आणि सांगावं. पण पैकीच्या पैकी मार्क मिळालेल्या पोरासारखा बाईचा चेहरा फुलला होता. चहा झाला. थोडा सांडला, पण तेवढा कुणाचाही सांडतो.

"कुणाची मदत लागते का?" मुलीनं शेवटी विचारलं.

"छे," बाई म्हणाली. "मावशी येते ती आपली सोबतीला."

मुलगी मिस्त्रीकडे वळली. "काका, तुम्हाला काही सांगायचंय?"

आता बघा, एवढा सरळ प्रश्न. त्याला उत्तरही सरळ होतं. मिस्त्रीनं बाईकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नाही."

सहा आठवड्यांनी निकाल आला. अर्जदार दैनंदिन कामे स्वतंत्रपणे करू शकतात, सबब भत्ता बंद करण्यात येत आहे. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि बाईनं काय केलं असेल? तिनं ते पत्र दोनदा वाचलं, मोठ्यानं वाचलं, आणि कपाटात शाळेच्या प्रमाणपत्रांच्या फायलीत नीट लावून ठेवलं.

"अकरा वर्षांनी कुणीतरी लेखी दिलं," ती म्हणाली. "मिस्त्री, मला जमतं असं सरकार म्हणतंय. आता आपण त्यांचे पैसे कशाला घ्यायचे? ज्याला खरंच गरज आहे त्याला मिळू देत." आणि तिनं त्याच संध्याकाळी मावशीला सांगून टाकलं की महिनाअखेरीपासून येऊ नको. मावशी रडली. बाईनंच तिची समजूत काढली.

रविवारी मेहुणा आला. बाईचा धाकटा भाऊ. हा माणूस विमा कंपनीत कारकून होता आणि जगातल्या यच्चयावत अर्जांची मेख आपल्याला कळते अशी त्याची समजूत होती. पत्र वाचून तो म्हणाला, "ताई, तू चहा केलास? तपासणीला आलेल्या बाईला? स्वतःच्या हातानं? अगं, सरकारला रडकं तोंड लागतं. दाजी, आता हरकत घ्यायची. परत तपासणीला येतील, तेव्हा हिला पलंगावर झोपवा. थोडं कण्हायला शिकवा."

"मी कण्हणार नाही," बाई म्हणाली. "मी खरं ते दाखवलं आणि त्यांनी खरं ते लिहिलं. तू चहा पी आणि गप्प बस."

मेहुणा जाताना मिस्त्रीला जिन्यात गाठून म्हणाला, "दाजी, तुम्ही तरी काही करा. ती ऐकायची नाही, पण तुमचं धंद्याचं कसं होणार?"

मिस्त्री काय सांगणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मावशी गेल्यावर तो दर दोन तासांनी कारखान्याला कुलूप लावून घरी पळायला लागला. कधी चष्मा विसरला म्हणून, कधी डबा विसरला म्हणून, कधी पेन्सिल.

"पेन्सिल?" बाईनं विचारलं. "मग कानामागं काय आहे?"

तीन आठवड्यांत दोन गिऱ्हाइकं तुटली. एका कपाटाची तारीख टळली. आणि एक दिवस तो घरी आला तर बाई न्हाणीघरात त्या टॉवेलच्या दांडीला धरून उभी होती, ओली, थरथरत. पाय सटकला होता, दांडीनं वाचवलं होतं. "काही नाही हो, जरा फरशी निसरडी झालीय," ती म्हणाली. मिस्त्रीनं तिला पुसलं, कपडे घातले, आणि त्या दिवशी कारखान्यात गेलाच नाही. हात पुसायचा कपडा घेऊन तो न्हाणीघराची फरशी कितीतरी वेळ कोरडी करत बसला. रोज दांडी हाताशी असेलच असं थोडंच आहे, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला, एकटा. ती तपासनीस मुलगी एका लांबड्या खोलीत शेवटच्या टेबलाशी बसली होती, दोन्ही बाजूंना फायलींची चळत. तिनं त्याला ओळखलं. मिस्त्रीनं खुर्चीच्या कडेवर बसून सगळं सांगून टाकलं. झाकणं, खुर्ची, मेण, दांडा, दांडी. आयुष्यात तो एका दमात इतकं बोलला नव्हता.

मुलीनं समोरची फाईल मिटली. "काका, मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतं, मॅडम."

"मग तेव्हा का नाही..."

"ती समोर होती."

मुलीनं एक फॉर्म काढला. "हरकतीला अजून सहा दिवस आहेत. ह्याच्यात तक्ता आहे. कोणतं काम, अर्जदाराला स्वतःला जमतं का, कोण करतं, किती वेळ. तुम्ही जे सांगितलंत ते सगळं लिहा."

"लिहितो. पण तिला कळायला नको."

"ते शक्य नाही, काका," ती म्हणाली. "सही त्यांची लागणार. शिवाय अर्जदाराच्या फायलीत त्यांच्यापासून लपवून आम्हाला काही ठेवता येत नाही. जे येईल त्याची प्रत त्यांना घरी जाते."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मिस्त्री फॉर्म घेऊन कारखान्यात आला. एका फळीवर कागद ठेवून त्यानं स्वतः लिहायला घेतलं. त्याचं अक्षर वाकडं, आणि गेली कित्येक वर्षं गिऱ्हाइकांचे अंदाज नि पावत्या बाईच लिहून द्यायची. दोन ओळी झाल्या. मग त्याच्या डोळ्यांसमोर आलं की पोस्टातून लिफाफा आलाय, बाई एकटी आहे, ती लिफाफा फोडतेय आणि त्यात हे वाचतेय, त्याच्या वाकड्या अक्षरात. त्यानं तो कागद चुरगळून भुशात टाकला. फॉर्मच्या दोन प्रती होत्या, हे नशीब.

संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले, आणि टेबलावर कोरा फॉर्म ठेवला. शेजारी तिचं जाड पेन ठेवलं.

"बाई, हे लिहून दे."

"कसलं आहे? कुणाचा अंदाज?"

"भत्त्याची हरकत."

बाईचा चेहरा कडक झाला. "मी सांगितलं ना एकदा. खोटं लिहायचं नाही."

"खरंच लिहायचंय," मिस्त्री म्हणाला. "मी सांगतो तसं लिही. मध्ये थांबू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं सांगून व्हायचं नाही."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्याचे फार थोडे आवाज माहीत होते, आणि हा त्यातला नव्हता. तिनं पेन उचललं.

"सकाळी साडेपाच," मिस्त्री म्हणाला. "झाकणं सैल करणे. सात."

पेन थांबलं. "कुठली झाकणं?"

"सगळी. चहा, साखर, मीठ..."

"कुणाची?"

"आपलीच. तू उठायच्या आधी. लिही."

तिनं लिहिलं नाही.  मिस्त्री खाली बघून सांगत राहिला, कारण थांबला असता तर संपलंच. खुर्चीचे पाय. कीड नव्हती लागली. दाराची मूठ. कुरकुरत नव्हती. खणांना मेण, दर पंधरा दिवसांनी, ती दुपारी झोपली की. नळाची चावी. टॉवेलची दांडी. भिंतीत सहा इंच आत आहे ती.

"आणि हे?" बाईनं हातातलं पेन वर धरलं.

"ते पण."

"हे तुम्ही वाढदिवसाला दिलंत."

"वाढदिवसालाच दिलं. पण ते पण."

बाईनं पेन खाली ठेवलं.  मग तिनं विचारलं, अगदी हळू, "एखाद्या दिवशी चुकलं का? झाकणांचं?"

"दोनदा. एकदा मला ताप होता. आणि एकदा एका कपाटाच्या कामाला भल्या सकाळी गेलो, गडबडीत राहून गेलं."

"गेल्या थंडीत."

"हो, थंडीत."

"त्या दिवशी मिठाची बरणी उघडली नाही," बाई म्हणाली. "मी दिवसभर हात शेकत बसले होते. मला वाटलं, आजार परत आला. रात्रभर मला झोप नव्हती, मिस्त्री. तुम्हाला सांगितलं नाही, उगाच काळजी कराल म्हणून. दुसऱ्या दिवशी उघडली, तर मी किती खूश झाले. वाटलं, हरवलं आपण त्याला."

मिस्त्रीला वाटलं, तिनं उठून दोन थोबाडीत माराव्यात, म्हणजे बरं वाटेल. तिनं तसं काही केलं नाही. ती म्हणाली, "मिठाची बरणी आणा. आणि नीट लावा. मावशी लावते तशी."

"बाई, कशाला उगाच..."

"आणा म्हणते ना."

त्यानं बरणी आणली, करकचून लावली आणि तिच्यापुढं ठेवली. बाईनं तळहात लावला. मग दोन्ही हात. मग पदर धरून. बोटांची पेरं पांढरी झाली, कपाळावर घाम आला. झाकण जागचं हललं नाही. तिनं बरणी बाजूला सारली, पेन उचललं आणि तक्त्याच्या पहिल्या ओळीत, अर्जदाराला स्वतःला जमते का या रकान्यात, आपल्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं, नाही.

मग ती म्हणाली, "पुढं सांगा. क्रमानं सांगा, असं इकडचं तिकडं नको. सकाळपासून सुरू करा."

चौदा ओळी झाल्या. प्रत्येक ओळीला ती विचारायची आणि प्रत्येक ओळीत नाही लिहायची. मावशी हौसेनं विंचरायची ते केसही तिनं स्वतःहून तक्त्यात घातले. शेवटी सही केली, फॉर्म त्याच्याकडे सरकवला आणि उठली. "हे सगळं तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मला कळतंय," ती म्हणाली. "पण मला फार राग आलाय. तो जाईपर्यंत माझ्याशी बोलू नका."

मिस्त्री बोलला नाही. बोलणं हा त्याचा प्रांत नव्हताच, त्यामुळं ही शिक्षा त्याला सोपी जायला हवी होती. पण सोपी गेली नाही. रोज साडेपाचला तो उठायचा, झाकणं सैल करायचा, परत येऊन पडायचा. शेजारी बाई डोळे मिटून जागी असायची आणि तो जागा आहे हे तिला माहीत असायचं. साडेसहाला ती उठून चहा करायची. कप त्याच्या उशाशी ठेवायची. हाक मारायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात कचेरीत बोलावणं आलं. बाई साधी साडी नेसली. कचेरीच्या त्या खोलीला गोल मूठ होती. बाईनं ती दोन्ही हातांनी धरून पाहिली आणि बाजूला सरली, मिस्त्रीनं दार उघडलं. आत तपासनीस मुलगी आणि तिचे साहेब बसले होते. साहेब वयस्कर, चष्मा नाकावर.

"मागच्या वेळी तर तुम्ही चहा करून दिलात," साहेब कागद चाळत म्हणाले. "तसं इथं लिहिलंय."

"दिला," बाई म्हणाली. "बरण्या ह्यांनी आधीच सैल करून ठेवल्या होत्या. मला माहीत नव्हतं."

"अकरा वर्षं माहीत नव्हतं?"

"नव्हतं. मी चाळीस पोरांच्या कॉप्या एका नजरेत पकडायचे, साहेब. पण हे नाही कळलं. कदाचित कळून घ्यायचंच नव्हतं."

साहेबांनी चष्म्यावरून मिस्त्रीकडे पाहिलं. "हे सगळं आत्ता हरकतीच्या वेळी आठवलं असं कुणीही म्हणेल. आम्ही कसं समजायचं?"

टेबलावर पाण्याची एक नवी बाटली होती, सील न फोडलेली. बाईनं ती ओढून घेतली आणि झाकणाला हात घातला.  तिनं बोटांनी केलं, तळहातानं केलं, बाटली काखेत धरून केलं. साहेब आधी बघत होते, मग खिडकीकडे बघायला लागले.

"असू द्या, मॅडम," तपासनीस मुलगी म्हणाली. "पुरे."

"थांबा," बाई म्हणाली. "अजून माझं झालं नाही. पुरा प्रयत्न न करता सोडलं असं मला म्हणवून घ्यायचं नाही."

तिनं अजून एकदा जोर लावला. मग बाटली होती तिथं नीट ठेवली, खाली पडलेला पदर सावरला आणि म्हणाली, "आता झालं." मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला ते बघवलं नव्हतं.

घरी परतताना रस्ता ओलांडायला तिनं त्याचा दंड धरला. महिनाभरात पहिल्यांदा धरला होता. बोलली मात्र नाही.

पत्र आणखी एका महिन्यानं आलं. भत्ता पूर्ववत चालू करण्यात येत आहे. खाली कारण होतं. अर्जदाराची घरातील कामे ही घरातील बदल व पतीची दैनंदिन मदत यांमुळे शक्य होतात, असे दिसून आले. मावशी दुसऱ्या दिवसापासून यायला लागली आणि आल्या आल्या तिनं केस विंचरायला फणी घेतली. मेहुण्याचा फोन आला. "मी म्हणालो नव्हतो, दाजी? अर्ज कसा करायचा ते कळावं लागतं." मिस्त्री हो म्हणाला.

बाईनं ते पत्र त्याच फायलीत लावलं, आधीच्या पत्राच्या मागं. मिस्त्री बघत होता. त्याला वाटलं, पहिलं पत्र ती आता फाडून टाकेल.

"ते कशाला ठेवलंस?" त्यानं विचारलं.

"तेही खोटं नाही," बाई म्हणाली. "ह्या घरात मला जमतं. दुसऱ्या कुणाच्या घरात जमलं नसतं." फाईल तिनं कपाटात ठेवली आणि कपाटाचं दार एका बोटानं लोटलं. बिजागरीला तेल होतं, ते आवाज न करता लागलं. तिनं दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "उद्यापासून झाकणं माझ्यासमोर सैल करायची."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो उठला तर पलंगाची दुसरी बाजू रिकामी होती. बाई स्वयंपाकघरात तिच्या उंच खुर्चीत बसली होती, अंगावर शाल. मिस्त्री दारातच घुटमळला. त्याला अशी लाज वाटली की काय सांगावं. इतकी वर्षं जे काम अंधारात हात आपोआप करत होते, ते आता बाईसमोर करायचं म्हणजे परीक्षाच होती.

"करा," ती म्हणाली.

त्यानं चहाची बरणी घेतली. मावशी परत आली होती, म्हणजे झाकणानं चांगलाच इंगा दाखवला. मग साखर. बाई एकेक बरणी मोजत होती, वर्गातली हजेरी घ्यावी तशी. पीठ. तेल. औषध. थर्मास. शेवटी त्यानं मिठाची बरणी उचलली.

"ती राहू दे," बाई म्हणाली.

"राहू दे म्हणजे?"

"घट्टच राहू दे. मी करून बघेन. माझ्यानं झालं तर झालं, नाही झालं तर हाक मारेन."

मिस्त्रीनं बरणी फळीवर ठेवली. त्याचा हात तिच्यावरून निघता निघेना. "बाई, त्यापेक्षा मी थोडंसं..."

"मिस्त्री," ती म्हणाली, "जा, झोपा जरा."

तो गेला. झोप कुठली. साडेसहाला तिचा आवाज आला, चहा झाला, उठा आता. पूर्वीचा तोरा नव्हता त्यात, पण आवाज तिचाच होता, आणि दोन महिन्यांनी आला होता. चहा पिऊन तो दाढीला बसला. स्वयंपाकघरात कढईत काहीतरी परतल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. मिस्त्रीनं वस्तरा खाली ठेवला आणि वाट बघितली. अकरा वर्षांत त्या खोलीतून मदतीला म्हणून एकदाही हाक आली नव्हती. येऊ नये याचीच तर सगळी खटपट होती.

"अहो," बाईनं हाक मारली. "जरा इकडे या. मीठ उघडत नाही."

तोंडाला साबण तसाच, तो उठून गेला.